पान्ह्याचे इंजेक्शन : वाद कुठवर आला?

यवतमाळ जिल्ह्यात दुधाचा विषय निघाला की बोलणे आधी सरकी ढेपेच्या भावावर जाते, मग संकलन केंद्रातल्या फॅटवर, आणि थोड्याच वेळात कुणीतरी पान्ह्याच्या इंजेक्शनाचे नाव काढतो. तिथे मते फुटतात. एक म्हणतो, बाजारातून आणलेली म्हैस त्याशिवाय धारच देत नाही. दुसरा म्हणतो, असले दूध लेकरांना पाजणे म्हणजे विष पाजणे. तिसरा, बहुधा गुरांचा डॉक्टर, म्हणतो की औषधात खोट नाही, ते रोज टोचण्यात आहे. औषधाचे नाव ऑक्सिटोसिन. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे औषध तेच, आणि गोठ्यात लपवून ठेवले जाणारेही तेच. संसदेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यावर वाद झाला आहे आणि तो मिटलेला नाही.

या वादाचा बराचसा गुंता तीन प्रश्न एकात कालवल्यामुळे झाला आहे, असे मला वाटते. ते दूध पिणाऱ्या माणसाला काय होते, टोचून घेणाऱ्या जनावराला काय होते, आणि जनावर पाळणाऱ्यावर ही वेळ का येते. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावाही सारख्या वजनाचा नाही. म्हणून सुरुवात कासेपासून करू.

कासेत काय घडते

दूध बनणे आणि दूध उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत. दूध बनते ते कासेतल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, दिवसरात्र, सावकाश. त्यातले थोडे आपोआप पाझरून सडांच्या वरच्या पोकळीत साठते. बाकीचे पिशव्यांतच अडकून राहते. गायीच्या कासेत दोन धारांच्या मधल्या वेळात साठलेल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा खालच्या पोकळीत असतो. म्हशीत तो जेमतेम पाच टक्के. गाय पान्हावली नाही तरी तांब्याभर दूध हाती लागते. म्हैस पान्हावली नाही तर भांड्याचा तळही ओला होत नाही, त्याचे कारण हे.

अडकलेले दूध खाली आणण्यासाठी पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जाव्या लागतात. वासराने सड तोंडात धरला, किंवा धार काढणाऱ्याने कास धुऊन चोळली, की सडाच्या कातडीतून मज्जातंतूंमार्गे मेंदूला निरोप जातो. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते, ते कासेत पोचते आणि पिशव्या पिळल्या जातात. गायीत याला पाऊण ते दोन मिनिटे लागतात, म्हशीत त्याहून जास्त. रक्तातले ऑक्सिटोसिन काही मिनिटांत निम्म्यावर येते, म्हणून धार संपेपर्यंत ते पुन्हापुन्हा सुटत राहावे लागते. मध्येच निरोप तुटला तर वरचे दूध वरच राहते.

दुसरे दार सडाच्या टोकाशी आहे. गायीच्या सडाची शेवटची नळी जेमतेम एक सेंटिमीटर लांब असते आणि तिच्याभोवती अनैच्छिक स्नायूंचे कडे असते. ते घट्ट असते म्हणून कास भरली तरी दूध गळत नाही आणि बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. म्हशीत हे कडे आणखी घट्ट असते. धार काढणाऱ्याचा हात पाहावा. अंगठा आणि पहिले बोट सडाच्या मुळाशी मिटतात, दूध वर परतण्याची वाट बंद होते, मग उरलेली बोटे क्रमाने मिटत खाली येतात आणि आतल्या दाबाने ते कडे उघडते. मुठीने काढलेली धार अशी असते. अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यामुळे सडाच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि कालांतराने गाठी धरतात. मग सडाची वाट अरुंद होते आणि जनावर ‘जड धारेचे’ म्हणून बदनाम होते.

धार संपल्यावरही हे कडे लगेच मिटत नाही. अर्धा-एक तास ते सैल राहते. त्या वेळात जनावर शेणामुतात बसले की कासदाहाला आमंत्रण मिळते. धार झाल्यावर पुढ्यात वैरण टाकून जनावर उभे ठेवावे, असे पशुवैद्य सांगतात ते यासाठीच.

शोधाची वाट

पियूषिकेच्या अर्काने शेळीचे दूध वाहू लागते, हे ऑट आणि स्कॉट यांनी १९१० मध्ये दाखवले. हा अर्क नवे दूध बनवत नाही, असलेले दूध बाहेर ढकलतो, हे पुढच्या काही वर्षांत गेन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले. आज शंभर वर्षांनंतरही गावागावात ‘इंजेक्शनाने दूध वाढते’ असे म्हटले जाते, तेव्हा हा जुना फरकच विसरला गेलेला असतो.

१९४१ मध्ये मिनेसोटात इली आणि पीटरसन यांनी केलेला प्रयोग या विषयातला सगळ्यात गाजलेला. त्यांनी गायीच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच उतरला. म्हणजे हुकूम रक्तातून येतो. मग त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा आटला. अॅड्रेनॅलिन टोचल्यावरही तेच झाले. भ्यालेली गाय पान्हा का चोरते याला पहिल्यांदा शास्त्रीय उत्तर मिळाले: भीतीचे रसायन पान्ह्याच्या रसायनाला कासेतच अडवते.

ते उत्तर अर्धे होते, हे कळायला पन्नास वर्षे लागली. स्वित्झर्लंडमध्ये रूपर्ट ब्रुकमायर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गायींना परक्या जागी नेऊन धार काढली आणि रक्तातले ऑक्सिटोसिन मोजले. ते वाढलेच नव्हते. अडथळा कासेत नसून वर मेंदूतच होता. बाहेरून ऑक्सिटोसिन दिले की त्याच गायी पान्हावत होत्या. पहिल्यांदा व्यालेल्या कालवडींतही हाच प्रकार दिसतो. बाजारातून जनावर आणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातला सर्वांत कामाचा निष्कर्ष हाच आहे. त्याच्याकडे पुढे वळायचेच आहे.

दरम्यान १९५३ मध्ये द्यू विग्नो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले होते आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले होते. कत्तलखान्यातून ग्रंथी गोळा करण्याची गरज संपली, औषध स्वस्त झाले, आणि जगभरच्या गोठ्यांपर्यंत पोचण्याची त्याची वाट मोकळी झाली.

सडाच्या स्नायूवर चालणारी औषधे

ऑक्सिटोसिनचा गाजावाजा इतका आहे की सडाच्या स्नायूकडे फारसे कुणी पाहत नाही. या स्नायूचा लगाम सहानुकंपी मज्जासंस्थेच्या हाती असतो आणि तिथे दोन प्रकारचे ग्राहक बसलेले असतात, अल्फा आणि बीटा. अल्फा ग्राहक चेतवणारे औषध दिले की सड आवळतो आणि धार बारीक होते. बीटा ग्राहक चेतवणारे दिले की सड सैलावतो आणि धार जोरात येते. स्विस प्रयोगशाळांत आणि बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात यावर पुष्कळ काम झाले. हलक्या धारेच्या आणि जड धारेच्या गायींत या ग्राहकांचे प्रमाण वेगळे असते, असे घेंटच्या अभ्यासकांना दिसले. म्हणजे ‘ही गाय जन्माचीच जड आहे’ असे म्हातारी माणसे म्हणतात, त्यात तथ्य आहे.

मग सड सैल करणारे औषध देऊन धार सोपी का करू नये? दोन कारणांनी. अशा औषधाने धारेचा वेग वाढतो, एकूण दूध वाढत नाही, कारण वरचे दूध ऑक्सिटोसिनशिवाय खाली येतच नाही. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. सैल कडे म्हणजे जंतूंना उघडे दार. ज्या गायींची धार स्वभावतःच फार हलकी असते त्यांना कासदाह जास्त होतो, असे बऱ्याच पाहण्यांत आढळले आहे. वेगाने दूध आणि निरोगी कास या दोन इच्छा एका मर्यादेनंतर एकमेकींच्या आड येतात.

इतर कारणांसाठी दिलेल्या औषधांचाही या स्नायूशी आणि पान्ह्याशी संबंध येतो. गर्भाशय सैल करण्यासाठी दिली जाणारी बीटा गटातली औषधे ऑक्सिटोसिनच्या विरुद्ध दिशेने काम करतात. अफूवर्गातली औषधे मेंदूतून सुटणारे ऑक्सिटोसिन रोखतात. याउलट भुजाडणाऱ्या पहिलारू गायीला शांत करण्यासाठी काही पशुवैद्य जी शामके वापरतात, त्यांतली काही अल्फा ग्राहकांना रोखतात, त्यामुळे अॅड्रेनॅलिनचा अडथळा कमी होतो. फाटलेला सड शिवताना मुळाशी भूल दिली की त्या सडातून मेंदूकडे जाणारा निरोप थांबतो. बाभळीच्या काट्याकुंपणात चरणाऱ्या जनावरांच्या या मुलखात सड फाटणे नेहमीचेच आहे, त्यामुळे ही बाब पुस्तकी नाही.

कॅल्शियमचे प्रकरण वेगळे. व्याल्यानंतर चीक आणि दुधातून कॅल्शियम झपाट्याने निघून जाते आणि रक्तातले प्रमाण घसरते. प्रमाण फार घसरले तर गाय बसते, मान वळवून पडून राहते. हा दुग्धज्वर सगळ्यांना दिसतो. बाहेरून काहीच न दिसणारी सौम्य घसरण मात्र कितीतरी जास्त जनावरांत असते. कॅल्शियमशिवाय कोणताही स्नायू नीट आवळत नाही, म्हणून सडाचे कडेही ढिले पडते आणि कासदाह वाढतो, असा तर्क पाठ्यपुस्तकांत मांडलेला आहे. प्रत्यक्ष पाहण्यांचे निकाल एकमुखी नाहीत. तरी दुकानांत कॅल्शियमची बाटली ‘दुधासाठी’ म्हणून खपते. शतावरी, जिवंती यांच्या पुड्यांचेही तेच. दूध बनण्यावर त्यांचा काही परिणाम होत असला तरी पान्हा चोरणाऱ्या जनावरावर त्या उतारा ठरतील असे मानायला आधार नाही.

यवतमाळच्या गोठ्यात

हा जिल्हा कापसाचा. इथल्या शेतकऱ्याने गाय पाळली ती मुख्यतः गोऱ्ह्यासाठी, म्हणजे उद्याच्या बैलासाठी. गावठी गाय आणि वर्धा नदीच्या बाजूची गवळाऊ, दोघींचे दूध बेताचे आणि वासराला आधी पाजल्याशिवाय त्या धार देत नाहीत. नागपुरी म्हशीचेही तसेच. वासरू दोन सडांना लावायचे, पान्हा फुटला की ओढून आईपुढे बांधायचे, धार काढायची आणि शेवटचे पुन्हा त्याच्यासाठी सोडायचे. या रीतीत औषधाला जागाच नव्हती. वासरू हेच औषध होते.

दुधाचा धंदा म्हणून विचार झाला तो नंतर. पुसदजवळ वरुड इथे दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय उभे राहिले. शेतकरी आत्महत्यांनंतर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात यवतमाळ होते आणि अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याचा भागही होता. कोरडवाहू कापसाच्या गावात संकरित गाय, तिला लागणारे हिरवे वैरण आणि आंबोण कुठून येणार, यावर तेव्हाच टीका झाली. पान्ह्याच्या अंगाने त्या योजनेकडे कुणी पाहिले नाही. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या विदर्भ-मराठवाडा प्रकल्पाने दूध संकलनाला नवी चालना दिली आणि बाहेरून जनावर आणण्याचे प्रमाण पुन्हा वाढले.

आता ब्रुकमायर यांचा निष्कर्ष इथे लावून पाहा. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा थेट हरियाणातून आलेली मुरा म्हैस टेम्पोत दीड-दोन दिवस उभी राहून परक्या गोठ्यात उतरते. माणसे परकी, चारा परका, हाकेचा सूरही परका. मेंदू ऑक्सिटोसिन सोडत नाही. त्यात पारडू बरोबर नसते, कारण विकणाऱ्याने ते दिले नाही किंवा वाटेत दगावले. रेडकू असेल तर त्याची आबाळ होतेच. रेड्याला आता काम उरलेले नाही आणि त्याच्या वाटचे दूध विकता येते. पारडू मेले की काही जण त्याच्या कातडीत भुसा भरून म्हशीपुढे ठेवतात. तिने हुंगले, चाटले तर पान्हा फुटतो. नाही फुटला तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी छोटी बाटली आणून देतो. कर्जाचा हप्ता दुधावर अवलंबून असतो, आणि कासेत दूध दिसत असताना ते हाती येत नसते.

बाटलीची ओढ फॅटच्या हिशेबातूनही येते. धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ असते, शेवटचे सर्वांत दाट. नीट पान्हावलेल्या जनावराच्याही कासेत दहा-वीस टक्के दूध मागे राहते आणि तेच सगळ्यात जास्त फॅटचे असते. टोचल्यावर हे मागचे दूध बाहेर येते. त्या दिवशी केंद्रावरच्या पावतीत फॅट चढलेली दिसते आणि शेतकऱ्याला वाटते की औषधाने दूध कसदार केले. खरे तर राहिलेली शिल्लक एकदा उचलली गेलेली असते.

वेगवेगळ्या बाजू

रोज टोचल्याने दूध खरोखर वाढते का? वाढते म्हणणाऱ्यांकडे एक भक्कम आधार आहे. अमेरिकेत नॉस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रत्येक धारेआधी ऑक्सिटोसिन दिलेल्या गायींनी संपूर्ण वेतात ८४९ किलो दूध जास्त दिले. त्यामागची कल्पना अशी की कासेत मागे राहिलेले दूध पुढचे दूध बनण्याला आळा घालते. कास पूर्ण रिकामी झाली की आळा सुटतो. स्कॉटलंडच्या हॅना संस्थेत हा आळा घालणारा घटक शोधण्याचे काम बरीच वर्षे चालले. तो घटक नेमका कोणता, यावर अजून एकमत नाही. हा प्रयोग उत्तम खाणाऱ्या, देखरेखीखालच्या होल्स्टीन गायींवरचा होता, हेही लक्षात ठेवायला हवे. उन्हाळ्यात कडब्यावर जगणाऱ्या जनावराची कास रिकामी करून तिथे नवे दूध कशाचे भरणार?

दुसरी बाजू सवयीची. ब्रुकमायर यांनीच २००३ मध्ये दाखवले की रोज मोठी मात्रा दिलेल्या गायींना औषध बंद केल्यावर स्वतःचा पान्हा पूर्ण फुटत नाही. त्यांच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नेहमीसारखेच सुटत होते, पण कासेतल्या पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नव्हत्या. ‘एकदा सुई लागली की सुईच लागते’ हा गोठ्यातला अनुभव इथे मोजमापाने सिद्ध झाला. नैसर्गिक पान्ह्याला रक्तात अत्यल्प ऑक्सिटोसिन पुरते. टोचलेली मात्रा त्याच्या कितीतरी पट असते, आणि अशा मोठ्या मात्रेने कासेतल्या पेशींमधले घट्ट सांधे सैल होऊन दुधातले सोडियम, क्लोराइड वाढल्याचेही आढळले आहे. प्रजननावर, माजावर परिणाम होतो असे शेतकरी आणि पशुवैद्य दोघेही सांगतात. त्यावरचे अभ्यास एका दिशेने बोट दाखवत नाहीत. एकच सुई साऱ्या गोठ्यात फिरवल्याने रक्तातून पसरणारे आजार एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात, यावर मात्र दुमत नाही.

पशुवैद्यांची बाजू मधली आहे आणि मला ती समतोल वाटते. नव्याने व्यालेली घाबरट कालवड, वार अडकलेली गाय, कासदाहात साकळलेले दूध बाहेर काढण्याची गरज, अशा वेळी थोडे दिवस, मोजक्या मात्रेत, डॉक्टरच्या हाताने ऑक्सिटोसिन देणे हा उपचार आहे. रोज सकाळ-संध्याकाळ देणे उपचारात बसत नाही.

पिणाऱ्या माणसाचे काय? मुली लवकर वयात येतात, बायकांचे आजार वाढतात, असे वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे छापले गेले. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखे पचते. कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था इथे दुधातले ऑक्सिटोसिन मोजण्याचे काम झाले आहे आणि टोचलेल्या जनावरांच्या दुधातून माणसाला अपाय होतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला नाही. लोकांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेली भीती पुराव्यात सगळ्यात हलकी ठरते. तिच्याच आवाजाखाली जनावराच्या त्रासाचा मुद्दा दबून जातो, याचे मला वाईट वाटते.

कायद्याची वाट

जनावराकडून बळेने दूध काढण्याविरुद्धचा कायदा इंजेक्शनापेक्षा जुना आहे. फुंका नावाच्या प्रकारात गायीच्या मागच्या अंगात हवा फुंकली जाई. तिथला ताण मेंदूपर्यंत पोचून ऑक्सिटोसिन सुटते, हे शास्त्राला नंतर कळले, कलकत्त्याच्या गवळ्यांना ते आधीच ठाऊक होते. गांधीजींनी दूध सोडण्यामागच्या कारणांत या क्रूरतेचा उल्लेख आत्मकथेत केला आहे. पुढे ते वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामला राहिले आणि वर्ध्यात जमनालाल बजाजांनी गोसेवेचे काम उभे केले, तेव्हा हा विषय यवतमाळच्या शेजारीच बोलला जात होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने फुंका आणि दूध वाढवण्यासाठी केलेली, आरोग्याला घातक अशी कोणतीही क्रिया, इंजेक्शनसुद्धा, गुन्हा ठरवली. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा.

औषध कायद्यात ऑक्सिटोसिन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि एकेका मात्रेच्या पाकिटातच विकावे असा नियम आहे. तरी बिनलेबलच्या प्लास्टिक बाटल्या मिळत राहिल्या. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन खासगी उत्पादनावर निर्बंधाचा विचार करायला सांगितले. केंद्राने २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने देशातल्या वापरासाठीचे उत्पादन कर्नाटक अँटिबायोटिक्स या एकाच सरकारी कंपनीपुरते ठेवले. त्यावर डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते हादरले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी हेच पहिले औषध आहे. एकाच कारखान्यावर विसंबायचे आणि पुरवठा अडला तर? अखिल भारतीय औषध कृती जाळे आणि औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, निर्णयाला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे सांगत बंदी रद्द केली. केंद्राचे अपील सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. २०२४ मध्ये दिल्लीतल्या तबेल्यांच्या प्रकरणात त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने, जनावरांना असे ऑक्सिटोसिन देणे बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे, असे स्पष्ट केले. दोन्ही आदेश एकत्र वाचले तर त्यांत विसंगती दिसत नाही. पहिला औषधाच्या उपलब्धतेबद्दल आहे, दुसरा गोठ्यातल्या वापराबद्दल.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडतात त्या बहुतेक मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांकडे आणि घाऊक साठ्यांवर. दोन-तीन जनावरांच्या गोठ्यापर्यंत निरीक्षक येणार नाही, आणि आला तर त्या घराचे दुभते जनावर सरकारजमा करणार का, हा अवघड प्रश्न आहे. औषध गावात कोणाच्या सल्ल्याने हाती येते, हा यवतमाळचा जुना घाव आहे. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधेने इथली माणसे गेली, तेव्हा तो सगळ्या देशाने पाहिला. बेकायदा बाटलीची आणखी एक अडचण इथल्या हवेतच आहे. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बाटली गोठ्याच्या आढ्याला खोचलेली असते. तिचा गुण उतरत जातो, मग मात्रा वाढवली जाते, आणि दर वेळी आत नेमके किती औषध गेले हे टोचणाऱ्यालाही कळत नाही.

जे सुटलेले नाही

औषधाशिवायचे उपाय शास्त्रात आणि परंपरेत एकाच दिशेला आहेत. कास कोमट पाण्याने धुऊन एक-दोन मिनिटे चोळणे, ठरलेली वेळ आणि ठरलेला माणूस, आणि धारेच्या वेळी पुढ्यात आंबोण. स्वीडनच्या कृषी विद्यापीठात मुरा म्हशींवर झालेल्या कामात, धारेच्या वेळी खाद्य देणे आणि सड चोळणे या दोन्हींचा पान्ह्यासाठी उपयोग दिसला. हे सगळे फुकटात होण्यासारखे आहे, पण त्याला वेळ लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे गोठ्यात दहा मिनिटे जास्त द्यायची कुणी? बहुधा घरातल्या बाईनेच, जिला उजाडताच रानात जायचे असते. म्हणून पान्ह्याच्या वादात मजुरी आणि वेळ यांचा हिशेब धरावाच लागेल.

वासराला पाजण्याबद्दलही मते दोन आहेत. धंद्याच्या हिशेबाने पाहणारे म्हणतात, वासरू जन्मल्याबरोबर वेगळे करा, गायीला हाताची सवय लावा, मग वासरू मेले तरी पान्हा अडत नाही. संकरित गायीत हे जमते. गावठी गाय आणि म्हैस यांच्यात ते कितपत जमते, हे पहिल्या वेतापासून प्रयत्न झाला का, यावर ठरते. दुसरा पक्ष म्हणतो की वासरू जगवणे हाच पान्ह्याचा सगळ्यात स्वस्त विमा आहे. वाया गेलेले दूध म्हणून ज्याचा हिशेब होतो, ते त्या विम्याचा हप्ता आहे. विदर्भातल्या गवळाऊ आणि नागपुरी जनावरांवर, इथल्याच उन्हाळ्यात आणि इथल्याच चाऱ्यावर या दोन रीतींची तुलना व्हायला हवी. वरुडचे महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था या दोन्ही जागा त्यासाठी जवळच्या आहेत.

सर्वांत निकडीचा प्रश्न सुईची सवय लागलेल्या जनावराचा आहे. बाजारात म्हैस घेताना तिला रोज टोचले जात होते की नाही, हे दिसत नाही. ते घरी आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या धारेला कळते, तोवर पैसे दिलेले असतात. डॉक्टर सांगतात ती रीत अशी: मात्रा एकदम न तोडता दर काही दिवसांनी कमी करत न्यायची, सोबत चोळणे आणि आंबोण वाढवायचे, आणि त्या काळात दूध घटणार हे धरून चालायचे. कासेतल्या पेशींचा प्रतिसाद किती दिवसांत पूर्ववत होतो, त्याच वेतात होतो की पुढच्या व्याण्यापर्यंत थांबावे लागते, आणि म्हशीत हा काळ गायीपेक्षा वेगळा असतो का, याची उत्तरे मिळाली तर शेतकऱ्याला तारीख सांगता येईल. तो काळ निभावून नेण्यासाठी घटलेल्या दुधाची भरपाई दूध संघाने द्यावी की पशुसंवर्धन विभागाने, की जनावर देणाऱ्या योजनेतच तिची तरतूद असावी, हेही ठरायचे आहे.